नवा डोळा

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे. सामान लागलं, स्टोव्हवर चहा झाला, माझ्या लेकीने, चिमणीने, खिडकीत आपली बाहुली बसवली, म्हणजे घर झालं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून मशीनचा खडखडाट दिवसभर येत राहतो, पण भिंती कोरड्या आहेत, नळाला पाणी आहे आणि मोरीत आधीच्या भाडेकरूचा एकही केस सापडला नाही. मी शोधला होता, हे वेगळं लिहायला नको.

आई मला 'भिंग' म्हणायची. कुणाच्या घरी जेवायला गेले की यजमानीणबाई आधी धास्तावून माझ्याच ताटाकडे बघायच्या. भाजीतला केस, पेल्याच्या काठावरचा ओठाचा ठसा, कुणाच्या नखातली मळाची रेघ, हे सगळं आपणहून माझ्या डोळ्यात येऊन पडतं. मी मुद्दाम बघत नाही. नवरा म्हणायचा की तुझ्याबरोबर संसार म्हणजे रोजची तपासणी. आता तो दुसऱ्या बाईकडे सुखात आहे. तिच्या घरात झुरळं आहेत असं ऐकते. असोत बापडी.

तर या डोळ्यानेच नोकरी दिली. काळ्या मनुकांचा कारखाना. मनुका धुऊन, वाळवून एका लांब पट्ट्यावरून सरकत जातात आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका त्यातले देठ, खडे, मेलेल्या गांधीलमाश्या वेचून काढतात. साहेबांनी मूठभर मनुका माझ्यासमोर पसरल्या आणि खोट काय ते विचारलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी काडी, खडा आणि त्यांच्याच मिशीचा एक केस वेगळा काढून ठेवला. साहेब हसले नाहीत, पण नोकरी पक्की झाली.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे कारखान्यात मुलांसाठी खोली आहे. चिमणीची शाळा दुपारी सुटते. मग माझी सुट्टी होईपर्यंत ती तिथे बसेल. सहा वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर टाकावी हा प्रश्नच सुटला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पायांचे तुकडे पडलेत, पण दिवस छान गेला.

आमच्या पाळीच्या मुख्य म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी काम समजावलं. माणसाचा डोळा मुलखाचा आळशी, असं त्या म्हणाल्या. तेच तेच बघितलं की तो बघायचं सोडून देतो, नुसता उघडा राहतो. म्हणून साहेब मधूनच मनुकांमध्ये निळी बटणं टाकतात. मनुकांत निळं काही असण्याचं कारणच नाही, त्यामुळे जागा डोळा तिथे ठेचकाळतो. जिला बटण दिसेल तिने हात वर करायचा. बटण निसटून पुढे गेलं की त्या बाजूच्या सगळ्यांना बोलणी. नव्या बाईला पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला उभी करतात, कारण तिला सगळंच नवं असतं. पुढे डोळा बसला की तिला मधे घेतात.

माझ्या शेजारी एक गुबगुबीत बाई आहे. उगाचच हसते, म्हणून तिला सगळे हसरी म्हणतात. तिनेच माझी टोपी नीट कानाखाली ओढून दिली. तिचे हात मनुकांच्या पाकाने चिकट होते, पण मी काही बोलले नाही. पहिल्याच दिवशी कशाला नाक मुरडायचं?

मी एकही बटण सोडलं नाही. मोठ्या बाई खूश.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक घाण प्रकार झाला. लिहून टाकलेला बरा, नाहीतर जेवण जायचं नाही.

पट्टा मनुकांना पुढे नेत असतो. त्यातली एक मनुका मागे जात होती. माझी नजर जी तिथे गेली ती हलेना. फुगलेली, तुकतुकीत, मनुकेच्याच रंगाची, आणि कडेला केसांसारखे बारीक पाय. गोचीड. म्हशीच्या कासेला असते तशी, रक्त पिऊन टच्च झालेली. ती पाय मारत मनुकांवरून उलटी चढत होती. मी तिला चिमट्याने उचलून ट्रेमध्ये टाकलं. तेवढ्यात दुसरी दिसली. मग तिसरी, मनुकांच्या दोन गोळ्यांमध्ये दबून बसलेली.

मी हात वर केला. मोठ्या बाईंना बोलावून ट्रे दाखवला. त्यांनी ट्रेमध्ये पाहिलं, काडी बोटाने इकडची तिकडे केली आणि विचारलं की हात कशाला वर केलास, बटण कुठे आहे. गोचिडी त्यांच्या बोटापाशी वळवळत होत्या. नव्या बाईची फिरकी घेतायत, असं मला वाटलं. हसरीही खिदळत होती.

घरी येऊन चिमणीला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. स्वच्छ आहे पोर.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फिरकी नव्हती.

सुट्टीत हात धुवायला गेलो. हसरीने टोपी काढली, केस सोडले. तिच्या कानामागे, मानेच्या खळग्यात, केसांच्या मुळाशी मनुका चिकटल्यात असं मला वाटलं. घोसच्या घोस. मग त्यातली एक सावकाश सरकली आणि खालची उघडी कातडी दिसली, पांढरीफटक, भोकाभोकांची. मी तिथेच बेसिनमध्ये ओकले.

हसरीने माझी पाठ चोळली. आरशात मान वळवून बघितलं, आणि काय झालं म्हणून मलाच विचारलं. तिने कंगवा फिरवला. तो कंगवा त्या घोसाला वळसा घालून गेला, आपण आपल्याच घरात टेबलाच्या कोपऱ्याला घालतो तसा.

मग मी एकेकीकडे बघितलं. सगळ्यांच्या टोप्या कानाखालपर्यंत का असतात ते आज कळलं. त्या घोसांवर टोपी सरळ बसतच नाही. मोठ्या बाईंच्या गळ्याशी इतक्या आहेत की जाड माळ घातल्यासारखं दिसतं. शिसारी, शिसारी, दुसरा शब्द नाही. हसरीच्या मानेवरची एक मी ओढून काढली. तिला मुंगी चावल्यासारखं झालं. ती गोचीड तळहातावर घेऊन सगळ्यांपुढे धरली. त्यांनी माझा तळहात पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत कीव होती.

मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "नवा डोळा असाच असतो गं. चार दिवसांत बसेल."

९ नोव्हेंबर, शनिवार

बायका खोटं बोलत नाहीत, हे मला कळून चुकलंय. त्यांना दिसतच नाही. त्यांचा डोळा निळं शोधतो. जे निळं नाही ते त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जातं, पाकिटांत भरलं जातं, आणि लोक ते भांड्यात ओतून पोरांना देतात. मूठमूठ. आणि रोजच दिसत असलेली गोष्ट, मग ती अंगावर का बसलेली असेना, तिच्याकडे कोण बघतं?

चिमणीच्या गुडघ्यामागे आज एक सापडली. माझ्या पोरीच्या. मी ती ओढली, बुटाखाली चिरडली, आणि फरशीवर तपकिरी डाग पडला तो तिच्या रक्ताचा. मग मी बसून रडले. पाणी उकळून तिला आंघोळ घातली, केस विंचरले, कपडे उकळले. त्या मुलांच्या खोलीत मनुकांची रिकामी पोती रचलेली असतात, पोरं त्यांवरच लोळतात. ते सुख मला किती मोठं वाटलं होतं.

दुसरी नोकरी बघायची. महिनाअखेर सोडायची इथली. तोवर चिमणीला शिंपीणबाईंकडे ठेवते. त्याही कानाखालपर्यंत पदर घेतात, पण निदान तिथे पोती नाहीत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कमी झाल्यात! काल पट्ट्यावर मोजक्याच दिसल्या आणि आज जवळपास नाहीतच. साहेबांनी माझी ओरड ऐकून धुण्याच्या टाकीत काहीतरी औषध घातलं असणार. मोठेपणापायी कबूल करणार नाहीत, पण घातलं असणार. हसरीची मानही आज बरी दिसली.

चिमणीच्या अंगावर काही नाही. रोज संध्याकाळी खिडकीच्या उजेडात बघते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जीव भांड्यात पडला. आज एकही नाही. ना पट्ट्यावर, ना कुणाच्या मानेवर. हसरीने तिच्या डब्यातला घास भरवला आणि मी तो खाल्ला, मी! आई असती तर तिला खरं वाटलं नसतं. मोठ्या बाईंनी मला पट्ट्याच्या मधे घेतलं. नोकरी सोडायचा विचार सोडला. चिमणी परत कारखान्यातल्या खोलीत बसायला लागली, तिला तिथे मैत्रिणी आहेत.

एक चमत्कारिक गोष्ट. खोकी न्यायला एक ट्रकवाला आला होता, बाहेरगावचा. चिमणी फाटकापाशी उभी होती. तो तिच्याकडे बघून झटकन मागे सरला आणि त्याने ट्रकची काच वर केली. लहान पोरीकडे असं बघतात? आणि मग तसाच माझ्याकडे बघत राहिला. लोकांना रीत म्हणून नसते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून बोलावणं आलं. चिमणीच्या बाईही या गावात नव्याच, कालपरवाच रुजू झालेल्या. नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. पोरीला वेगळ्या बाकावर, पार कोपऱ्यात बसवलं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, माझ्या पोरीइतकी स्वच्छ पोर अख्ख्या वर्गात दाखवा.

त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही आई ना हिच्या? तुम्हाला दिसत नाही?"

मी तिथेच चिमणीची मान उघडी करून बघितली. काही नव्हतं. गोरी, नितळ मान. थोडी फिकट वाटली, एवढंच. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही काही नाही म्हणून सांगितलं, रक्त कमी आहे म्हणाले, औषधाची बाटली दिली. डॉक्टर इथे जुने आहेत. त्यांनी गळपट्टा बांधला होता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेच्या बाई आज फाटकात भेटल्या. रुमाल नाही. हसत होत्या. चिमणी परत पहिल्या बाकावर बसते. गैरसमज झाला होता म्हणाल्या, आणि चिमणीचा गाल कुरवाळला.

त्यांचा हात मी बघत होते. तो गालावरून खाली आला, आणि मानेपाशी बाहेरून वळसा घालून खांद्यावर गेला. मधे काहीच नव्हतं. कशाला वळसा घातला?

कारखान्यात गेले. पट्ट्यापुढे उभी राहिले. मनुका, मनुका, बटण. हात वर केला. मनुका, मनुका —

औषध कुणी घातलंच नव्हतं.

२० नोव्हेंबर

चिमणीला आंघोळ घातली. डोळे फाडून बघत होते. काही नाही. काही नाही. पण तिच्या पाठीवर साबणाचा फेस काही जागी लागलाच नाही. तिथे कातडी कोरडी राहिली होती. मी तिथे हात न्यायचा म्हणून नेला, मुद्दाम, दात आवळून. हात पोहोचला असं मला वाटलं. फेस दुसरीकडेच लागला.

माझाच हात. मीच भिंग. मीच.

ती खात नाही. तोंड पांढरं पडलंय. दमले म्हणते.

मी माझ्या अंगाकडे आरशात बघितलं नाही. बघून काय दिसणार आहे?

२१ नोव्हेंबर

आज पळून जायचं ठरवलं. पिशवी भरली, पोरीचा हात धरला, बसस्टँडवर गेले. गाडी लांबून आलेली. दारात पाय ठेवला आणि पहिल्या सीटवरची बाई किंचाळली. मग सगळेच. एक माणूस खिडकीतून बाहेर ओकला. कंडक्टर माझ्या तोंडाकडे बघून बोलत नव्हता, माझ्या कपाळाच्या जरा वर बघत बोलत होता, छत्रीच्या दांड्याने आम्हाला ढकलत. चिमणीला कळेना. तिने त्याला विचारलं की आम्ही काय केलं.

दुसरी गाडी. तेच.

सगळ्या जगाला दिसतं. तिच्या आईला नाही.

मी स्वतःलाही नको झालेय. कपाळावर हात न्यायची हिंमत नाही — नेला तरी तो वळेल —

२२ नोव्हेंबर

नवी बाई आली कारखान्यात. शेवटच्या टोकाला उभी. तरुण आहे. पट्टा सुरू झाला आणि तिने तोंडावर हात घेतला.

तिला दिसतं!

मी जवळ गेले तर ती मागे भिंतीला टेकली. मी लांबूनच हात जोडले. म्हटलं, माझ्या अंगावरच्या काढू नकोस, माझ्याकडे बघूसुद्धा नकोस, फक्त माझी पोर. तुझा डोळा ताजा आहे तोवर ये. ती रडायला लागली. रविवारी येते म्हणाली.

आज शुक्रवार. उद्याच ये म्हटलं. चार दिवस लागतात डोळा बसायला, मला लागले तसे. पण नाही, रविवार म्हणाली. मोठ्या बाई ऐकत होत्या. हसत होत्या, मायेने.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आली. हातमोजे घालून. आली, मोठी गुणाची पोरगी.

चिमणी खिडकीपाशी झोपली होती. नवीने चादर दूर केली. किती आहेत म्हणून मी विचारलं. ती खाली बसली, चिमटा घेतला. मी ताटली धरली. तिने एक ओढली. मला चिमटा रिकामा दिसत होता, पण ताटलीत टप् असा आवाज झाला. मग दुसरी. टप्. तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. मी म्हटलं, काढ गं बाई, काढ, सगळ्या काढ. ती काढत होती. घाम, उमासे, मधे उठून मोरीत ओकून आली, परत बसली. टप् टप्. बराच वेळ.

मग आवाज थांबला.

नवीने कपाळ पुसलं. चेहरा एकदम सैल झाला होता तिचा, शांत. म्हणाली, "झालं ताई. एकदम स्वच्छ झाली बघा."

मी विचारलं, नक्की? परत बघ. मानेला बघ. काखेत बघ. तिने बघितलं. नीट, निवांत, चिमणीचे हात उचलून उचलून बघितलं. काही नाही म्हणाली. हसली. पोर गोड आहे म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

हात सरळ गेला नाही.

इतक्या होत्या की चार दिवसही लागले नाहीत. एका दुपारीच बसला तिचा डोळा.

ती गेली. मोजे इथेच विसरली. माझ्याजवळून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, सहज, न शहारता.

तरी म्हटलं असेल. असेल स्वच्छ. का नसेल? मी चिमणीला उचलून आतल्या बिछान्यावर न्यायला गेले. पोर वाळून काटकी झालीय, हाताला नुसती हाडं लागतात.

उचलली जात नाही.

दोन्ही हात खाली घातले. गुडघा टेकला. नाही उचलत. पोत्यासारखी जड. सहा वर्षांची माझी पोर, आणि चादर ताणली गेलीय तिच्याभोवती, चहूकडून, ती जिथे नाही तिथेही —

तिचा श्वास चालू आहे. बारीक. ती हललेली नाही. ती गाढ झोपलीय, मी तिच्याकडेच बघतेय, ती हललेली नाही, पण माझ्या डाव्या हाताखालचं वजन आत्ता सावकाश कूस बदलून माझ्या —